शेऱ्याचा रकाना

देवळात लॅपटॉप लावायला ग्रामदेवी नवलाईने उजवा कौल दोन मिनिटांत दिला. यमुनाबाईंना राजी करायला मात्र काशीराम शिवगणांना चार दिवस लागले.

यमुनाबाई या काशीरामांच्या पत्नी. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, घरातला संगणक ज्यांना घरात बसून धड चालवता येत नाही, त्यांनी तो देवळात बसून चालवायला कशाला जावं? प्रश्न सरळ होता. पण काशीराम सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देण्याची सवय त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी सोडावी लागली होती. ते म्हणाले, "तुला नाय कळायचं. ह्याला दूरस्थ प्रणाली म्हणतात."

"म्हणू देत," यमुनाबाई म्हणाल्या आणि कुळीथ पाखडायला बसल्या.

मूळ भानगड पालखीची होती. रत्नागिरी शहर संपून कातळ सुरू होतो तिथे ही वाडी, घरं शेहेचाळीस. शिमग्यात नवलाईची पालखी एका दिवसात सगळी घरं घेते. कुठल्या घरानंतर कुठलं घर, हा मान पूर्वापार ठरलेला. त्यात बदल सुचवणारा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि जन्मलाच तर तो वाडीत राहायचा नाही. शिवगणांचं घर बेचाळिसावं. पालखी सकाळी साडेसातला निघते खरी, पण एकेका घरापुढच्या खळ्यात ती अशी रमते की बेचाळिसाव्या घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन, जेवणं आटोपून, सकाळी काढलेल्या रांगोळीवरून कुत्रं दोनदा जाऊन आलेलं असतं.

काशीरामांना एरवी याचं काही वाटलं नसतं. त्यांची बढतीसुद्धा अकरा वर्षं उशिराच आली होती आणि तिचे पेढे त्यांनी तरीही वाटले होते. पण प्रश्न योगिनीचा होता. योगिनी त्यांची थोरली. तिला राजापूरला दिलेली. सासरची पालखी दुसऱ्या दिवशी सकाळी येते म्हणून माहेरी तिला एकच दुपार मिळते. दुपारच्या एसटीने यायचं, संध्याकाळी सहाच्या एसटीने परत. लग्नाला आठ वर्षं झाली. आठही वर्षं ती देवीसाठी खण-नारळ घेऊन आली, खळ्यात वाट बघत बसली आणि ओटी न भरता परत गेली. मागच्या वर्षी जाताना तिने नारळ आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "ऱ्हवदे, चटणीला वापर." देवीसाठी आणलेला नारळ चटणीला वापरायचा नसतो हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे काशीरामांना माहीत होतं. त्यांना फार लागलं ते.

पालखी एकदा खळ्यातून उचलली की मागे फिरत नाही. मानाचा क्रम बदलता येत नाही. तेव्हा एकच उपाय उरला, पालखी वेळेवर चालवणं. गावकीच्या बैठकीत काशीरामांनी मिनिटवार वेळापत्रक करण्याचं काम मागून घेतलं. वाडीत आजवर कोणी काम मागून घेतलेलं नसल्यामुळे ते त्यांना एकमताने मिळालं.

आता वेळापत्रक म्हणजे काय, चार ओळी कागदावर खरडल्या की झालं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. काशीरामांनी आठ दिवस घालवून तक्ता आखला. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, आगमन, प्रस्थान. दर घरी बारा मिनिटं, दुपारी जेवणाला अर्धा तास, बेचाळिसाव्या घरी आगमन चार वाजून बारा मिनिटांनी. आणि शेवटचा रकाना, शेरा. शेऱ्याशिवाय तक्ता ही कल्पनाच सरकारी माणसाला सहन होत नाही. बिनशेऱ्याचा तक्ता बघितला की त्याला कोणी धोतर न नेसता दारात आल्यासारखं वाटतं. आणि रकाना आखला म्हणजे भरायला हवा. म्हणून काशीरामांनी कुठल्या घरी पालखीला उशीर का होतो, याची आठ वर्षांची निरीक्षणं त्यात नमूद केली. ही माहिती निव्वळ कार्यालयीन होती. ती कोणाला दाखवण्याचा त्यांचा बिलकुल विचार नव्हता.

हा तक्ता होता माळ्यावरच्या संगणकात. संगणक पंधरा वर्षांचा, आणि त्यातली मराठी फक्त त्यालाच वाचता यायची. मुंबईहून मुलाने, शुभंकरने, नवा लॅपटॉप पाठवला होता. देवळातल्या बैठकीत दाखवायला म्हणून काशीरामांनी तक्ता त्यावर उतरवून बघितला, तर सगळी वाडी चौकोन-चौकोन दिसायला लागली. पहिल्या मानाच्या गावकरांच्या जागी सात चौकोन, शेजारच्या धोंडूदादांच्या जागी पाच. शुभंकर फोनवर म्हणाला, "बाबा, फाईल तिथेच राहू दे. लॅपटॉपवर नुसता त्या संगणकाचा पडदा बघायचा. तुम्ही इथे बटण दाबलंत की काम तिथे होईल."

काम तिथे आणि माणूस इथे, ही पद्धत काशीरामांना कचेरीपासून परिचयाची होती. त्यांना ती एकदम पटली.

शेजारचे धोंडूदादा तीस वर्षं बोटीवर होते. ते पडवीत येऊन लॅपटॉपभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ह्यात काय नवीन हाय? आमच्या बोटीवर चाक वर आणि इंजिन खाली. वरच्याला इंजिन दिसत नाय, खालच्याला दर्या दिसत नाय. पण खालचा माणूस विश्वासाचा पायजे, काशीराम. तुझा खालचा माणूस कोण?"

"माझा वरचा आहे. माळ्यावर."

"तेच ते. कोण?"

काशीरामांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. धोंडूदादांनीही बघितलं आणि चपला घातल्या.

पहिली चाचणी पडवीतून झाली. जोडणी करायची तर माळ्यावरच्या पडद्यावर दर वेळी नवा नऊ आकडी क्रमांक उमटायचा आणि तो लॅपटॉपात भरायला लागायचा. शिडी चढायला काशीरामांचे गुडघे तयार नव्हते. त्यांनी यमुनाबाईंना वर पाठवलं आणि पडवीतून फोन लावला.

"आकडे सांग."

"नाय सांगणार," यमुनाबाई माळ्यावरून म्हणाल्या.

"म्हणजे?"

"फोनवर कोणी आकडे विचारले तर सांगायचे नायत. मग तो बँकेतला साहेब असला तरी. तुमीच सांगितलंव ना?"

"अगो, मी बोलतोय! तुझा नवरा!"

"आवाज आजकाल कोणाचापण काढतात. तेपण तुमीच सांगितलंव."

दोघांमध्ये आठ फळ्यांचा माळा होता आणि फोन नसता तरी दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. शेवटी काशीरामांनी खळ्यात जाऊन, माळ्याच्या खिडकीखाली उभं राहून तोंड दाखवलं. यमुनाबाईंनी ते नीट निरखलं आणि नऊ आकडे इतक्या मोठ्याने वाचले की घरापुढच्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून जाणाऱ्या दोघांनी ते पुन्हा म्हणून दाखवले.

मग मात्र चमत्कार झाला. लॅपटॉपवर माळ्यावरचा पडदा जसाच्या तसा उमटला. काशीराम खाली बोट फिरवत आणि वर बाण फिरे. वर यमुनाबाई फडक्याने टेबल पुशीत, की खाली काशीरामांचा बाण हातातून निसटून कोपऱ्यात जाऊन बसे. ते तो ओढून आणीत, यमुनाबाई माऊसखालची धूळ पुशीत, बाण पुन्हा कोपऱ्यात. असं बराच वेळ चाललं. तेहतीस वर्षांच्या संसारात दोघांचा एका वस्तूवर इतका बरोबरीचा हक्क पहिल्यांदाच प्रस्थापित होत होता. अखेर काशीरामांनी लेखी सूचना काढली आणि ती संगणकाशेजारी चिकटवली. एक, कशालाही हात लावू नये. दोन, जे होईल ते देवळातून होत आहे असे समजावे. तीन, छपाई सुरू झाल्यास कागद कमी पडू देऊ नये. चार, वेळापत्रक छापून होताच घरोघर पोचवावे.

चौथी सूचना खरं म्हणजे त्यांनी स्वतःसाठी लिहिली होती. पण सूचनांची संख्या विषम असू नये असा कचेरीत संकेत होता.

देवळात इंटरनेट आणणं हे वेगळं प्रकरण. नेटवाल्याने अर्जाबरोबर सगळ्या विश्वस्तांच्या सह्या मागितल्या. पाच विश्वस्तांपैकी एक विरारला आणि एक वारलेला. पण वारलेल्याचं नाव कमी करायलाही सगळ्या विश्वस्तांच्या सह्या लागत होत्या. काशीरामांनी मोबाईलचं नेट वापरायचं ठरवलं. मोबाईलला रेंज यायची ती नेमकी सहाणेवर, म्हणजे ज्या दगडी चौथऱ्यावर पालखी बसते तिथे. त्या चौथऱ्यावर माणसाने बसायचं नसतं. म्हणून मोबाईल चौथऱ्यावर आणि काशीराम खाली, गुडघे दुमडून, असा कार्यक्रम ठरला. त्यासाठीच गुरवाने मूर्तीला फुलांचे कळे लावून देवीला विचारलं, आणि तिने उजवा दिला. देवीला कुणाच्या सह्या लागत नाहीत.

बैठकीला चाळीसेक पुरुष जमले. त्या दिवसाचे नऊ आकडे काशीरामांनी निघतानाच यमुनाबाईंकडून चिठ्ठीवर लिहून घेतले होते. शाळेतून आणलेल्या प्रोजेक्टरने भिंतीवर तक्ता उमटला तेव्हा सगळे पुढे सरकले. लॅपटॉपचा पडदा लहान, तक्ता रुंद. शेऱ्याचा रकाना उजवीकडे पडद्याबाहेर राहत होता. तो तसाच बाहेर राहील याची काळजी काशीरामांनी डोळ्यांत तेल घालून घेतली होती.

लवू गावकर पुढ्यात बसले होते. मानाचं पहिलं घर त्यांचं. देवीपुढे वाडीचं गाऱ्हाणं घालायचा मानही त्यांचा. त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवलं. "ह्यो तक्ता कुठं हाय म्हणालाव?"

"माझ्या माळ्यावर."

"आणि आमी बघतोय ता?"

"तेच. हे बघा, तुमचं आगमन साडेसातचं सात पस्तीस करतो." काशीरामांनी बटण दाबलं. भिंतीवर आकडा बदलला. मंडळींत कुजबूज झाली.

"माळ्यावरपण बदललां?"

"बदललं."

"माळ्यावर आता कोण हाय?"

"कोणी नाही. ही खाली असेल."

"मग बदललां कोणी?" लवू गावकरांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सगळ्यांकडे असं बघितलं की मंडळींनी माना डोलावल्या. काशीरामांनी आकडा निमूटपणे पूर्ववत केला.

यमुनाबाईंचा भाऊ विठू याने बारा मिनिटं पुरायची नाहीत अशी हरकत घेतली. नितेश म्हणून एक मुंबईकर गडी चार दिवसांच्या रजेवर आला होता, त्याने प्रत्येक घरी पाच मिनिटं निव्वळ व्हिडिओसाठी राखावीत असं सुचवलं. काशीरामांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "विचाराधीन." त्या शब्दापुढे कोणाचं काही चालत नाही. तासाभरात वेळापत्रक मंजूर झालं. काशीरामांना चार बारा दिसत होते, आणि चार बाराला खळ्यात उभी असलेली योगिनी.

मग ते म्हणाले, "लगेच एक प्रत काढतो, गावकरांची सही घेऊ." धोंडूदादांनी त्यासाठी आपला छोटा प्रिंटर कौतुकाने देवळात आणून लॅपटॉपला जोडला होता. काशीरामांनी बटण दाबलं. प्रिंटर ढिम्म. पुन्हा दाबलं. सात वेळा दाबलं. धोंडूदादांनी प्रिंटरला थोपटलं, कानाशी धरून ऐकलं आणि निदान केलं. "एकेक प्रत मागतोस म्हणून तो मनावर घेत नाय. बोटीवर आमी एक पोतं सांगितलं तर गोदामवाला ढुंकून बघायचा नाय. पन्नास सांग एकदम."

काशीरामांनी पन्नास सांगितल्या.

काम इथून सांगितलं तरी होतं तिथे, हे सकाळपासून अख्ख्या वाडीला समजावून दमलेल्या माणसाला त्या घटकेला ते आठवू नये, याला दैव म्हणतात. प्रिंटर हलला नाही. काशीरामांनी सही हाताने लिहिलेल्या कागदावर घेतली आणि बैठक ढोल कोणी वाजवायचा या विषयाकडे वळली. हा विषय दरवर्षी दोन तास चालतो.

तिकडे यमुनाबाई कांदा चिरत होत्या. वर खडखड सुरू झाली तेव्हा त्या शिडी चढून गेल्या. माळ्यावरचा मोठा प्रिंटर कागदामागून कागद बाहेर टाकत होता. जे होईल ते देवळातून होत आहे असं त्यांनी समजून घेतलं. कशालाही हात लावला नाही. कागद संपला तेव्हा कागद घातला. सत्तावन्न प्रती झाल्या. चौथी सूचना राहिली होती. इतक्यात खळ्यात चिमा आली. चिमा किनाऱ्यावरच्या मिऱ्याकडून मासळीची टोपली घेऊन रोज दुपारी वाडीत यायची आणि एकही घर चुकवायची नाही. यमुनाबाईंनी तिच्याकडून बांगडे घेतले आणि प्रती तिच्याकडे दिल्या. तक्त्यात काय लिहिलंय ते आपण वाचलं नव्हतं असं यमुनाबाई आजही सांगतात. फक्त विठूच्या घराची प्रत त्यांनी वेगळी घडी घालून दिली होती, ती का, हे त्यांना कोणी विचारलेलं नाही.

ढोलाचा विषय रंगात आला असताना चिमा देवळाच्या पायरीशी उभी राहिली. "काशीरामभाऊ, घरां झाली सगळी. ह्या उरल्यात, कुणाला हव्या तर घ्या. झकास लिवलंय म्हणतायत बायका. खळ्याखळ्यात वाचन चाललंय."

प्रती हातोहात फिरल्या. त्यांना बांगड्याचा वास येत होता, पण तक्रार करायला कोणाला सवड नव्हती. तक्ता पूर्ण रुंदीचा छापला गेला होता. प्रत्येकाने आधी शेजाऱ्याचा शेरा वाचला आणि पोट धरून हसला. मग स्वतःचा वाचला आणि हसणं थांबवलं. त्यामुळे हसण्याची एक लाट देवळाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली आणि तिच्या मागोमाग शांतता पसरत आली.

विठूच्या नावापुढे होतं, 'चहा दोनदा. दुसरा कोणी मागत नाही.' नितेशच्या घरापुढे, 'व्हिडिओ नीट आला नाही म्हणून पालखी पुन्हा नाचवणे. देवीचा अवमान की करमणूक, स्पष्ट नाही.' धोंडूदादांच्या नावापुढे, 'बोटीच्या गोष्टी. भोई खाली बसले की उठत नाहीत.' एका घरापुढे नुसतं 'फोटो, पिढीनिहाय' होतं.

लवू गावकरांनी चष्मा लावून स्वतःचा शेरा सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला. "'गाऱ्हाणे अतिलांब. देवीस आधीच ज्ञात असलेली माहिती पुन्हा पुरवणे.'" त्यांनी चष्मा काढला. "देवीला म्हायती पुरवतो मी. बरां."

"कार्यालयीन स्वरूपाची नोंद आहे," काशीराम म्हणाले. आवाज त्यांचाच होता का, याची त्यांना खात्री वाटली नाही.

धोंडूदादा आपला प्रिंटर काखोटीला मारून उठले. तीस वर्षांचा शेजार, पण जाताना त्यांनी वळून बघितलं नाही. दुसरा कोणी वेळापत्रक फाडा म्हणाला, तिसरा काशीरामांना कमिटीतून काढा म्हणाला. लवू गावकरांनी हात वर केला. "कायपण फाडायचं नाय. सही केलीय मी. एक मिनिट हलवायचा नाय. आणि शेरापण ऱ्हवदे. बघूया कुणाचा खरा ठरतो ता."

पालखीच्या दिवशी काशीराम पहाटेच हातात तक्ता आणि घड्याळ घेऊन हजर झाले. लवू गावकरांच्या खळ्यात पालखी बसली. दरवर्षी तिथे पाऊण तास जातो. गावकरांनी नारळ हातात घेतला, काशीरामांकडे पूर्ण वळले आणि म्हणाले, "बा देवी नवलाई, तुला सगळां ठावक हाय. सांभाळ." झालं. "व्हय म्हाराजा" म्हणायला जमलेल्यांना तोंड उघडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. पालखी चार मिनिटांत बाहेर.

विठूने चहा एकदा दिला आणि काशीरामांना तोही दिला नाही. नितेशने मोबाईल खिशात घालून खिशावर हात ठेवला. धोंडूदादांनी तीन शब्दांत स्वागत केलं, त्यातले दोन देवीला होते. ज्या घरी पिढीनिहाय फोटो काढतात तिथे तीनही पिढ्या कॅमेऱ्याविना हात जोडून रांगेत उभ्या होत्या, आणि आजोबा घड्याळाकडे बोट दाखवत होते. काशीरामांशी कोणी बोलत नव्हतं. काशीरामांचं म्हणणं होतं की प्रशासनात असं चालायचंच. वाडीत इतकी शिस्त त्यांनी हयातीत बघितली नव्हती. विसाव्या घरापर्यंत ते छाती काढून चालत होते.

तिसाव्या घरी त्यांनी प्रत्यक्ष वेळांची सरासरी काढली. ती साडेनऊ मिनिटांच्या आत आली. त्यांनी पुढचा हिशेब केला, पुन्हा केला, आणि तिसऱ्यांदा घड्याळाशी ताडून बघितला. पालखी चार बाराला येणार नव्हती. ती अडीचच्या आत येणार होती. त्यांनी योगिनीला फोन लावला.

"बाबा, आत्ता राजापूरहून निघतेय. सव्वातीनपर्यंत पोचते. भरपूर वेळ आहे ना?"

"भरपूर," काशीराम म्हणाले.

त्यांनी भोयांना जरा सावलीत टेका म्हणून बघितलं. "वेळापत्रकात नाय," भोई म्हणाले. त्यांनी पाणी प्या म्हटलं. ते चालता चालता प्यायले. दोन पंचवीसला पालखी बेचाळिसाव्या घराच्या खळ्यात येऊन बसली. यमुनाबाईंच्या हातात एक ताट होतं आणि पाटावर दुसरं, त्यात खण आणि तांदूळ ठेवून ओटी मांडलेली. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा पालखी दिवसाउजेडी दारात होती, आणि मुलगी एसटीत.

"बारा मिनिटां," लवू गावकर म्हणाले. "दोन सदतीसला उचलायची."

काशीरामांनी यमुनाबाईंना सावकाश ओटी भरायला सांगितलं. ती जितकी सावकाश भरता येते तितकी सावकाश भरून सहा मिनिटं झाली. मग काशीरामांनी चहा मागवला. चहा सगळ्यांना दिला, भोयांना, ढोलवाल्यांना, कुंपणापलीकडून बघणाऱ्यांना. मग म्हणाले, "अजून एकेक कप?" कोणीही मागितला नव्हता. विठू कप हातात धरून मेहुण्याकडे टक लावून बघत राहिला. दुसरा चहा झाला. काशीरामांनी नितेशला विचारलं, "अरे, व्हिडिओ नाय काढलास? काढ की. आणि ती नाचवलीत ती नीट नाय दिसली, परत एकदा नाचवा." पालखी परत नाचवली. ते धोंडूदादांपाशी गेले. खाली मान घालून म्हणाले, "दादा, बोटीची एखादी गोष्ट..." आणि त्यांनी दादांना बसायला चटई अंथरली.

आत्तापर्यंत खळ्यात सगळ्यांनी खिशातून तक्ते बाहेर काढले होते आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून एकेक बाब तपासत होते. कोणीतरी फिस्सकन हसलं. दोन सत्तावन्न झाले होते. काशीराम ओसरीच्या कोपऱ्यात उभे राहिले. अब्रू म्हणून जी काही चीज त्यांच्यापाशी होती ती सगळी आता वाडीच्या मालकीची झाली होती. त्यांना तिचं काही वाटेनासं झालं. फक्त पालखी उचलू नये एवढंच वाटत होतं.

लवू गावकर घड्याळ बघत पालखीजवळ आले. त्यांची नजर पाटावरच्या ताटावर गेली. "ही ओटी कुणाची, वैनी?"

"योगिनीची," यमुनाबाई म्हणाल्या. "नारळ ती घेऊन येतेय. हातखंब्याला पोचलीय एसटी, आता अर्धा तास."

गावकरांनी एकदा पाखाडीकडे बघितलं. मग त्यांनी घड्याळ मनगटावरून काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि भोयांना म्हणाले, "बसा रे. ह्या घराचं गाऱ्हाणं व्हायचं हाय."

"मघाशी झालं की," भोई म्हणाले.

"ता नीट नाय झालां." गावकरांनी नारळ हातात घेतला, पालखीसमोर उभे राहिले, आणि सुरू झाले. "बा देवी नवलाई! ह्या शिवगणांचा मूळ पुरुष ज्या साली हय कातळावर उतारला..." त्या मूळ पुरुषापासून ते निघाले. त्याचे पाच मुलगे, पाचांची शेती, पाचांची भांडणं, कुठची विहीर कोणी खणली, तिला पाणी किती हातावर लागलं, ही सगळी माहिती त्यांनी देवीला पुरवली. प्रत्येक वाक्याला वाडी मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणत होती. धोंडूदादांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. काशीरामांच्या आजोबांवर ते तीन वीसला पोचले, आणि खुद्द काशीरामांच्या बढतीला उशीर का झाला यावर आले तेव्हा पाखाडीशी रिक्षा थांबली.

योगिनी पिशवी छातीशी धरून धावतच खळ्यात आली आणि पालखी बघून जागच्या जागी थबकली. यमुनाबाईंनी ताट तिच्या हातात दिलं. गावकरांनी गाऱ्हाणं त्याच वाक्यात आवरलं. योगिनीने नारळ काढला, देवीची ओटी भरली, आणि डोकं टेकवलं ते बराच वेळ वर केलं नाही. ढोलवाले नुसते उभे होते.

उठल्यावर ती डोळे पुसत वडिलांकडे आली. "बाबा, चारच्या आत! मी सासरी सगळ्यांना सांगितलं होतं, बाबांनी टाईमटेबल केलंय म्हणजे पालखी मिनिटाला मिनिट येणार."

काशीरामांनी खळ्यावरून नजर फिरवली. सगळ्या खळ्याच्या हातात तक्ते होते.

लवू गावकरांनी आपला तक्ता चार घड्या घालून खिशात सरकवला. "येणार नाय तर काय गो," ते म्हणाले. "तुझ्या बापाच्या वेळापत्रकात मिनिट हिकडचा तिकडं होत नाय." खळ्यात कोणी हसलं नाही. गावकरांनी भोयांना खूण केली, पालखी खांद्यावर चढली आणि ढोल सुरू झाला.

काशीरामांना कोणाकडेच बघवेना. ते खाली वाकले आणि दुसऱ्या चहाचे रिकामे कप गोळा करायला लागले.